मंगळवारच्या शेजारणी

इस्त्रीवाली आणि तारवाली एकाच खोलीत राहणाऱ्या सासू-सुना होत्या. पण मंगळवारी दुपारी त्या शेजारणी असत. ऐकायला विचित्र वाटेल, पण बँकेचे नियम माणसाला याहूनही विचित्र नाती जोडायला लावतात.

झालं होतं असं. वस्तीत छोटी कर्जं देणारी एक बँक आली. ही बँक तारण मागत नव्हती. हातावर पोट असलेल्या बाईकडे तारण ठेवायला असतं तरी काय? एक पोचे आलेला हंडा आणि नवऱ्याच्या शपथा. म्हणून बँकेनं शक्कल लढवली आणि शेजारणीच तारण ठेवून घेतल्या. पाच बायकांचा गट करायचा, प्रत्येकीनं बाकीच्या चौघींची हमी घ्यायची, एकीचा हप्ता चुकला तर इतरांनी भरायचा. एका घरातल्या दोघी मात्र एका गटात चालणार नाहीत. घर बुडालं तर दोघी एकदम बुडतील, असा त्यामागचा हिशोब. हिशोब चुकीचा नव्हता. फक्त आमच्या या गटाला पाचवी बाईच मिळेना. शिलाईवाली, अंडीवाली, कागदी पिशव्या चिकटवणारी आणि तारवाली तयार होत्या. पाचवी दूधवाली, ती हो म्हणून बसली आणि आयत्या वेळी नवऱ्याच्या डोळ्यांना भिऊन मागे सरली.

"सासूला घे की मग," शिलाईवाली तारवालीला म्हणाली. गटाची प्रमुख तीच होती, आणि मापात कमी पडलेलं कापड कुठून तरी जुळवून आणायची तिला सवय होती.

"एका घरातल्या नाही चालत."

"घर एक असेल गं, पण दारं दोन आहेत ना?"

होती खरी. त्यांची खोली लांबट होती. एक दार पुढच्या गल्लीत उघडायचं, दुसरं मागच्या बोळात. मध्ये जुन्या चादरीचा पडदा. पुढच्या अर्ध्यात सून पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करायची, मागच्या अर्ध्यात सासू इस्त्री करायची. इस्त्रीवालीचा मुलगा, म्हणजे तारवालीचा नवरा, दूरच्या शहरात क्रेन चालवायचा आणि वर्षातून कधीतरी चार दिवस यायचा. आला की तो पडद्याच्या या बाजूला बसावा की त्या, यावरूनही धुसफूस व्हायची. तर शिलाईवालीनं सून पुढच्या गल्लीत राहते आणि सासू मागच्या बोळात, असं ठरवून टाकलं. खोटं काहीच नव्हतं. फक्त मधला पडदा सांगायचा राहिला.

बँकेचा माणूस घरं बघायला आला. कोवळा, घामेजलेला मुलगा. हेल्मेट डोक्यावरून कधी काढायचा नाही, म्हणून वस्तीनं त्याचं नाव हेल्मेटसाहेब ठेवलं होतं. त्यानं पुढच्या दारातून तारवालीची बाजू पाहिली, पाणी प्यायला, आणि "आता त्या मावशींचं घर" म्हणत गल्लीला वळसा घालून निघाला. तेवढ्यात आतल्या आत लोखंडी कपाट पडद्यापुढे सरकलं. मागच्या दारात इस्त्रीवालीनं त्याला पुन्हा पाणी दिलं. घाईत पेला तोच दिला, पण तहानलेला माणूस पेला बघत नाही. त्याची नजर गेली ती कपाटाखालून निघालेल्या मांजराकडे.

"असंच मांजर त्या ताईंकडेही होतं."

"या भागात मांजरं सगळी अशीच निघतात हो," इस्त्रीवाली म्हणाली, आणि साहेबानं मान डोलावली.

गट पास झाला. इस्त्रीवालीची कोळशाची इस्त्री जाऊन विजेची आली. तारवालीनं चांगल्यापैकी तांब्याची तार घेतली. जळालेली मोटर उघडायची, करपलेली तार उपसायची आणि नवी तार एकेक वेढा मोजून भरायची, हे काम तिला तिच्या बापानं शिकवलं होतं. "बापानं दुसरं दिलंच काय!" असं इस्त्रीवाली लग्नापासून म्हणत आली होती. बाईमाणसाच्या हाताला वार्निशचा वास यावा, हे तिला कधी पटलं नाही. घरात दोघींचं बोलणं म्हणजे "अगं, पाणी आलंय" आणि "आई, कपडे घेऊन गेले बघा", इतकंच. भांडण असतं तरी बरं, भांडायला निदान तोंड उघडावं लागतं.

मंगळवारी मात्र पंचाईत व्हायची. गटाची बैठक शिलाईवालीच्या ओट्यावर भरायची, समोर हेल्मेटसाहेब. तिथं सुनेला "अगं" म्हणून कसं चालेल? परक्या गल्लीतली बाई ती. इस्त्रीवालीला "अहो" म्हणावं लागे, "तुम्ही" म्हणावं लागे. पहिल्या मंगळवारी हा "तुम्ही" तिच्या घशात अडकला. दुसऱ्या मंगळवारी थोडा सैल झाला. मग एकदा बसल्या बसल्या तिनं सहज, शेजारधर्म म्हणून विचारलं, "काय बाई, तुमच्या पंख्यांचं कसं चाललंय?"

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न तिनं सुनेला कधी विचारला नव्हता. तारवालीनं एक क्षण तिच्याकडे बघितलं आणि सांगायला लागली. उन्हाळ्यात पंखे एवढे येतात की ठेवायला जागा पुरत नाही, थंडीत मात्र हात रिकामे. हप्त्याला थंडी-उन्हाळा कळत नाही ना. म्हणून ती पाण्याच्या पंपांचं वाइंडिंग, म्हणजे त्यांच्यात तार भरणं, शिकायला लागली होती. पंप काय, बारा महिने जळतात. इस्त्रीवाली ऐकत राहिली. घरात दोन हातांच्या अंतरावर बसून सून एवढा विचार करत होती, आणि हिला वाटायचं नुसती तोंड फुगवून बसते.

पुढं तर कमाल झाली. साहेबानं एकदा आपुलकीनं विचारलं, "मावशी, घरी काही अडचण?" आणि इस्त्रीवालीचा बांध फुटला.

"काय सांगू साहेब, माझी सून! काम चांगलं करते, पण घरात शब्द बोलत नाही. भिंतीशी बोलावं तसं वाटतं."

लेकी बोले सुने लागे ही म्हण आपण ऐकलेली असते. इथं साहेबाला बोले सुने लागे झालं. अंडीवालीनं पदर तोंडात कोंबला. तारवाली मात्र शांतपणे म्हणाली, "मावशी, तुमची सून कधी बोलायला आली तर तिचं ऐकून घेता का? माझ्या सासूचंही असंच आहे. मी काही बोलायला गेले की इस्त्री दाणकन आपटते."

"घरोघरी हेच," साहेब म्हणाला. त्याचं लग्न व्हायचं होतं. "दोघींनी एकदा समोरासमोर बसून बोलायला हवं."

"बरोबर आहे साहेब," दोघी एकदम म्हणाल्या.

त्या संध्याकाळी इस्त्रीवालीनं इस्त्री हळू ठेवली. काही बोलली नाही. पण ठेवली हळू.

असे बरेच मंगळवार गेले. अंडीवालीचा सगळा माल एकदा हातगाडी कलंडून फुटला तेव्हा इतर चौघींनी तिचा हप्ता भरला आणि महिनाभर तिला टोमणे मारून तो वसूलही केला. बँक फुकट काही देत नव्हती, व्याजही काही साजूक नव्हतं. पण शिलाईवालीच्या यंत्राशेजारी दुसरं यंत्र आलं आणि तारवालीकडे लांबच्या वस्तीतूनही पंखे यायला लागले. इस्त्रीवालीला आठवड्यातून तो अर्धा तास हवासा वाटू लागला. मंगळवारी ती बरं लुगडं नेसायची. सुनेचं मन कळायची तेवढी एकच जागा होती, आणि ती बँकेनं चुकून दिलेली होती.

मग एका मंगळवारी तारवालीनं मोठ्या कर्जाचा विषय काढला. बाजारात, मोठ्या रस्त्यावर गाळा मिळत होता. तिथं पंप घेऊन येणाऱ्याला गल्ल्या हुडकाव्या लागणार नाहीत, आणि दोन मुलींना हाताखाली शिकवता येईल.

"तांबं म्हणजे चोरांना आमंत्रण," हेल्मेटसाहेब म्हणाला. "बाजारात रात्री राखण कोण करणार?"

"गाळ्याला वर माळा आहे," तारवाली म्हणाली. "राहायचीही सोय होईल."

इस्त्रीवालीनं चमकून तिच्याकडे पाहिलं. राहायची सोय! म्हणजे ही चालली. नवरा लांब, सासू नकोशी, हाताला काम आहे; थांबेल कशाला? घरी जाऊन सरळ विचारावं की नाही? पण घरी त्या शेजारणी नव्हत्या, सासू-सुना होत्या, आणि सासूनं सुनेला "मला सोडून जाणार का गं?" असं विचारायचं म्हणजे आधी सगळं मोठेपण खुंटीला टांगायचं. ते तिला जमेना.

एक गोष्ट मात्र तिच्या हातात होती. मोठ्या कर्जाला चौघींची हमी लागायची. एकीनं जरी नाही म्हटलं तरी कर्ज अडायचं. आणि नाही का म्हटलं, हे परक्या गल्लीतल्या बाईला कोण विचारणार? इस्त्रीवालीनं ठरवून टाकलं: नाही म्हणायचं. गाळा नाही, माळा नाही, सून घरात. म्हातारपणी एकटं पडायच्या भीतीनं माणूस काय काय करतं, आणि आपण वाईट करतोय हे कळत असूनही करतं.

पुढच्या मंगळवारी शाखेच्या मोठ्या मॅडम स्वतः आल्या. रक्कम मोठी होती ना. कडक इस्त्रीची साडी, नजर त्याहून कडक. त्यांनी एकेकीला उभं करून विचारलं. शिलाईवाली म्हणाली, घेते हमी. अंडीवालीनं घेतली, पिशवीवालीनं घेतली. मग मॅडम इस्त्रीवालीकडे वळल्या.

"मावशी, या बाईंना तुम्ही कितपत ओळखता?"

नुसतं "हमी घेता का" विचारलं असतं तर ती "नाही" म्हणून मोकळी झाली असती. ते तिनं तयार करून आणलं होतं. पण मॅडमनी दुसरंच विचारलं. कितपत ओळखता? इस्त्रीवालीनं समोर पाहिलं. सून खाली मान घालून बोटावरचं वार्निश नखानं खरवडत होती.

"ओळखते म्हणजे..." तिनं सुरुवात केली, आणि मग तिचं तिलाच थांबता येईना. "तार भरताना ही बोलत नाही मॅडम. ओठ हलत असतात, वेढे मोजत असते. मध्येच कुणी हाक मारली तर मोजणी चुकते, मग सगळी तार सोडून पुन्हा पहिल्यापासून. दुसरा कुणी असता तर अंदाजानं भरून दिली असती, कुणाला कळणार होतं? ही नाही देत. मी... मी मुद्दाम हाका मारल्यात हिला. राग असला की मारायचे. पाणी आलं म्हणायचे, दूध उतू गेलं म्हणायचे, काहीतरी काढायचे. कळायचं हिला. पण ओ द्यायची, उठायची, आणि परत येऊन तार सोडायला बसायची. माझी इस्त्री बिघडली तेव्हा मी कुणाला सांगितलंही नव्हतं. सकाळी उठून बघते तर चालू. मी विचारलं नाही, हिनंही सांगितलं नाही. असली बाई तुमचा हप्ता बुडवेल असं वाटतं तुम्हाला? जग बुडेल, पण ही बुडवणार नाही."

तारवालीची मान आणखी खाली गेली होती आणि तिच्या मांडीवर टपटप पाणी पडत होतं. इस्त्रीवालीला आपण काय बोललो ते आता कुठे कळलं. हमी नाकारायला आलो आणि हे काय करून बसलो!

"मावशी," मॅडम सावकाश म्हणाल्या, "तुम्ही राहता मागच्या बोळात, या राहतात पुढच्या गल्लीत. मग तुमची हाक यांना ऐकू कशी जाते?"

झाकली मूठ इतके दिवस सव्वा लाखाची होती, ती अशी उघडली. शिलाईवालीनं डोळे मिटून घेतले. हेल्मेटसाहेबानं पहिल्यांदाच हेल्मेट काढलं. त्याचे केस घामानं डोक्याला चिकटले होते.

"मी दोन्ही घरी पाणी प्यायलोय मॅडम," तो कसाबसा म्हणाला. मग त्याचं त्यालाच आठवलं, आणि तो पुटपुटला, "मांजर..."

"त्या पोराला बोल लावू नका," इस्त्रीवाली म्हणाली. "आम्ही फसवलं त्याला. सासू आहे मी हिची. खोली एकच आहे, मध्ये पडदा आहे."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "मावशी, घरच्यांची हमी आमच्याकडे चालत नाही. घरचं माणूस घरच्याबद्दल चांगलंच बोलणार, त्याला काय अर्थ?"

"अहो मॅडम," अंडीवालीला राहवलं नाही, "कुठल्या घरात सासू सुनेबद्दल चांगलं बोलते? ऐकलंय का तुम्ही कधी? याहून पक्की हमी तुमच्या बँकेला जन्मात मिळायची नाही!"

आधी पिशवीवाली फिसकन हसली, मग सगळा ओटा. मॅडमनी ओठ घट्ट दाबून पाहिले, पण त्यांनाही सासू असावी, त्याही हसल्या. हसून झाल्यावर मात्र त्यांनी नियम सांगितलाच. दोघींपैकी एकीला गट सोडावा लागेल. पाचवी नवी बाई आणा, मग मोठ्या कर्जाचं बघू. नाहीतर दोघींचंही बंद.

आता बघा, इस्त्रीवालीला पाहिजे होतं ते आयतंच समोर आलं होतं. ती गप्प बसली असती तरी गाळा गेला असता. सुनेनंच गट सोडला असता. तशी ती उठायलाही लागली होती.

"खाली बस गं," इस्त्रीवाली म्हणाली. मग मॅडमकडे वळली. "माझे हप्ते संपतच आलेत. मी निघते गटातून. दूधवालीला आणते, तिच्या नवऱ्याशी मी बोलते, कसा डोळे वटारतो बघते. फक्त माझं मघाचं बोलणं खोडू नका. हमी म्हणून नको तर नको, पण ते खरं आहे."

दूधवालीच्या नवऱ्याशी ती काय बोलली कोण जाणे. त्याचे सगळे शर्ट तिच्याकडे इस्त्रीला यायचे, एवढं वस्तीला माहीत होतं. दूधवाली गटात आली. चार-सहा आठवडे गेले, आणि ज्या मंगळवारी गाळ्याचं कर्ज पास व्हायचं होतं, तो मंगळवार आला.

त्या दुपारी निकाल ओट्यावर लागणार होता आणि इस्त्रीवाली घरी होती. मधल्या आठवड्यांत घरात फार काही बदललं नव्हतं. ओट्यावर जे बोललं गेलं त्याची दोघींनाही लाज वाटत होती; प्रेमाची लाज रागाच्या लाजेपेक्षा जास्त असते. माळ्याचं तर तिनं विचारलंच नव्हतं. आता कर्ज मिळेल, गाळा होईल, एके दिवशी सून आपलं अंथरूण गुंडाळेल. जाऊ दे, ती मनाशी म्हणाली, चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. आपले चार झाले. लांबून ओट्यावरचा हशा ऐकू आला. ती एकाच शर्टावरून पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत राहिली, इतकी की शर्ट जळायचाच राहिला.

मागच्या दारावर टकटक झाली. त्या दारानं कपडे देणारे येत. तिनं उघडलं तर दारात सून. पुढचं दार सोडून, सगळ्या गल्लीला वळसा घालून आलेली, धापा टाकत.

"मावशी, आहात का घरात?"

इस्त्रीवालीनं तिच्याकडे पाहिलं. हातातली इस्त्री तिनं हळूच उभी केली.

"या बाई, बसा. काय म्हणते तुमची बँक?"

"झालं पास." तारवाली चटईवर बसली. मांजर उठून तिच्या मांडीत गेलं.

"चांगलं झालं हो. कष्ट केलेत तुम्ही." इस्त्रीवालीनं पेल्यात पाणी दिलं, समोर बसली, लुगड्याची निरी उगाच सारखी केली. घरी सासूला जे जमलं नव्हतं, ते शेजारणीला जमलं. "मग आता तुम्ही त्या माळ्यावर राहायला जाणार म्हणे?"

तारवालीच्या हातातला पेला तसाच राहिला. "कुणी सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात, राहायची सोय आहे."

"अहो मावशी, साहेबानं चोरीचं विचारलं म्हणून मी ठोकून दिलं. त्या माळ्यावर मांजराला उभं राहता यायचं नाही." ती हसायला गेली, पण समोरचा चेहरा बघून तिचं हसू थांबलं. "माझ्या सासूला हेच वाटत होतं का? तेव्हापासून?"

"मला काय माहीत? तुमची सासू. असेल वाटत. म्हातारी आहे, भीत असेल."

"मग विचारायचं ना तिनं मला!"

"जीभ रेटत नसेल हो."

"तिला सांगा मावशी," तारवालीचा आवाज चिरकला, "घरी मला हाक मारायला तेवढं एकच माणूस आहे. मी कुठं जाणार?"

इस्त्रीवालीनं पदरानं डोळे पुसले, आधी स्वतःचे, मग तिचेही. "सांगते," म्हणाली. "तुमचा निरोप आहे म्हणून सांगते."

मग तारवाली उठली, पेला खाली ठेवला आणि मधला पडदा बाजूला सारून घरी गेली.

थोड्या वेळानं पलीकडून आवाज आला, "आई, जेवायला काय करू?"

"काहीही कर गं," इस्त्रीवाली म्हणाली. "आणि पुढच्या मंगळवारी जरा लवकर या."